रेल्वेचे साठ दिवस, एचआरचे तीस

वाळवंटात तंबू उभा करणं सोपं आहे. नाशिकजवळ अंबडच्या आमच्या कंपनीत सलग चार दिवसांची पीएल (हक्काची भरपगारी रजा) काढणं अवघड आहे, हे मी आता स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

बेत साधा होता. मी आणि माझी मैत्रीण, दोघी. हरिहर, अंजनेरी, रामशेज हे आमच्याकडचे किल्ले करून झालेत, या खेपेला वाळू. जैसलमेरपासून पन्नासेक किलोमीटरवर खुरी नावाचं गाव आहे. तिथून एक उंटवाले काका सोबत घेऊन तीन दिवस पायी हिंडायचं, दोन रात्री उघड्यावर काढायच्या. तिकडच्याच सम गावच्या वाळूच्या टेकड्या प्रसिद्ध आहेत, पण तिथे जीपा आणि डीजे. त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं? गणपतीत आमच्या गल्लीतच ऐकतो की.

तारीख मात्र हवी तेव्हा निवडता येत नाही. जानेवारीत रात्री हाडं गोठतात, मार्च संपता संपता दुपार पस्तिशीच्या पुढे जाते. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी २८-३० आणि पहाटे बारा-तेरा अंश, म्हणजे चालायलाही बरं आणि झोपायलाही. शिवाय पौर्णिमा ३ मार्चला, म्हणजे चांदणं भरपूर. २६ फेब्रुवारी ठरली.

इथून पुढे मी वैतागले.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होते, नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाले). म्हणजे २८ डिसेंबरला सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसायचं. आणि आमचं रजेचं पोर्टल तीस दिवसांच्या पलीकडचा अर्ज घेतच नाही. तारीख टाकली की लाल अक्षरांत ‘आगाऊ अर्ज ग्राह्य नाही’. आधी तिकीट काढावं तर रजेचा पत्ता नाही, आधी रजा घ्यावी तर तिकीट संपलेलं.

एचआरच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, “मग तीस दिवस राहिले की भरा.”

“मॅडम, तोवर वेटिंग दोनशेवर जातं.”

“राजस्थानात आहे काय एवढं?”

“वाळू.”

“ती काय, गोदावरीत नाहीये?”

काय बोलणार? तिकीट काढून टाकलं. हाच माझा पहिला सल्ला: रजेची वाट न पाहता तिकीट काढा. गाडी सुटायच्या अठ्ठेचाळीस तास आधी रद्द केलं असतं तर स्लीपरचे माणशी १२० रुपये कापले गेले असते, तेवढं चालतं. वांद्र्याहून जोधपूर, पुढे जैसलमेरपर्यंत दुसरी गाडी. नाशिकरोडहून मुंबई गाठणं हा काही लिहिण्याचा विषय नाही.

२७ जानेवारीला कामावर पोचल्या पोचल्या पोर्टल उघडलं. मेंटेनन्स. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर माझी पीएल शून्य. तेरा वर्षं नोकरी आणि शिल्लक शून्य! टाइम ऑफिसातला मुलगा म्हणाला, “ताई, नवीन वर्षाचं बॅलन्स अजून अपलोड झालेलं नाही.” कधी होईल? “वरून येतं ते.” वरून म्हणजे पुण्याहून की आभाळातून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग कागदी फॉर्म. त्यात ‘कार्यभार सांभाळणाऱ्याची सही’ असा एक रकाना असतो. आमच्या क्वालिटीत आम्ही दोघीच, आणि दुसरीच्या घरी त्याच आठवड्यात साखरपुडा. तिला दोन शनिवार देईन असं कबूल करून सही घेतली. साहेबांनी फॉर्म ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, “मार्च एंडला कोण जातं फिरायला?” मी म्हटलं, साहेब, फेब्रुवारी आहे. “ऑडिट येऊ शकतं.” येऊ शकतं! नऊ दिवस तो कागद त्या ट्रेमध्ये होता. रोज जाता येता मी पाहत होते. वर आणखी कागद चढत होते, माझ्या फॉर्मचा फक्त निळा कोपरा दिसायचा. इकडे दर रविवारी खुरीहून काकांचा फोन: “मॅडमजी, तारीख पक्की?” दहाव्या दिवशी साहेब चहाला गेले तेव्हा मी तो खालून काढून सगळ्यात वर ठेवला. संध्याकाळी सही झाली. नऊ दिवस आधीच का नाही सुचलं हे!

तयारीचं सांगायचं राहिलंच. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे दोघींचं तीन दिवसांचं तीस किलो होतं. ते पाठीवर घेऊन वाळूत चालून दाखवावं कुणी. म्हणून उंट. सह्याद्रीतल्या तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. छोट्या पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी पुरायची. गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, म्हणून दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पिंपळगावचे मनुके नेले. रात्री काकांनी काटक्यांवर बाजरीची भाकरी केली. अंधारात अनवाणी उठू नका. फुरसं हा विषारी साप तिकडेही आहे आणि उन्हाळा लागला की रात्री फिरतं. ओरिजिनल आधार कार्ड जवळ ठेवा. सीमेकडच्या काही भागांत परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा वाट काकांनाच ठरवू द्या. आणि हो, कुणी सॅटेलाइट फोन देऊ केला तरी नेऊ नका, आपल्याकडे परवान्याशिवाय तो बेकायदा आहे.

परत आल्यावर कळलं, कागदावरची सही पोर्टलवर चढलीच नव्हती. चारही दिवस गैरहजर. आता रेग्युलरायझेशनचा वेगळा फॉर्म भरायचाय. त्यातला तिसरा प्रश्न: ‘रजेचा अर्ज आगाऊ का केला नाही?’