घोडी जपस नई

आधी मला जखमा दिसल्या. २०२३ चा श्रावण होता. सकाळी पागेत गेले तर शेवंतीच्या पुढच्या दोन्ही पायांना, खुराच्या वरचा पहिला सांधा असतो ना, केसांचा झुबका असतो तिथे, समोरच्या बाजूने रुपयाएवढी साल निघालेली. मलम लावलं. खपली धरली आणि आठ दिवसांनी परत निघाली. मला वाटलं फरशी खरबरीत आहे, ठेचकाळत असेल. दोन रबरी चटया आणून टाकल्या. तरी तेच.

आप्पा आमच्याकडे आबांच्या काळापासून मोतद्दार आहेत, घोड्यांची देखभाल करणारे. माझा चटयांचा खटाटोप ते चार दिवस बघत होते. पाचव्या दिवशी तोबरा काढता काढता म्हणाले, "ताई, घोडी जपस नई."

मी दोंडाईच्याची. अहिराणी घरातलीच. जपणं म्हणजे झोपणं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, आणि त्या क्षणी ते वाक्य मला मराठीत ऐकू आलं. घोडी जपत नाहीस. मी एकदम चिडून म्हणाले, "काय कमी केलं मी तिला?" आप्पा गोंधळले. मग हातानेच दाखवलं, आडवं पडून झोपण्याची खूण. "खाले बसस नई. उभीच राहस रातभर."

घोडं उभ्याने झोपतं हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, मी म्हटलं.

शेवंतीची ओळख करून द्यायला हवी. कुमैत म्हणजे काळपट तांबड्या अंगाची, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेली मारवाडी घोडी, उंची साडेएकसष्ट इंच, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. २००९ च्या दत्तजयंतीला आबांनी सारंगखेड्याच्या बाजारात घेतली. आमच्यापासून सारंगखेडा जवळच, तापीच्या काठी, शहादा तालुक्यात. एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. पौर्णिमेच्या आधीपासून राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोड्यांच्या गाड्या लागतात. आबांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले. दुधाचे फक्त कडेचे उरले होते. म्हणजे चार वर्षांची. मग मानेवरचे भोवरे पाहिले, चालवून पाहिली, आणि रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा केला. मी बाजूला उभी होते. आबांनी किती बोटं दाबली ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ती नाचायला शिकली ती आप्पांकडून. खाटेवर चढवून नाचवणं आबांना मान्य नव्हतं, जमिनीवरच. ढोलाच्या ठेक्यावर जागच्या जागी पाय उचलायची, मग पुढचं अंग हलकं करून सगळा भार मागच्या दोन पायांवर तोलायची. बघणाऱ्याची नजर पुढच्या पायांवर असते, कारण ते हवेत असतात. काम मागचे पाय करत असतात. चौदा वर्षं.

२०१७ मध्ये आबा गेले. तेराव्याला मांडवातच दोघांनी घोडीची चौकशी केली. "बाई माणूस काय घोडी सांभाळणार" हे माझ्या पाठीमागे नाही, तोंडावर बोललं गेलं. मी त्या डिसेंबरात लगाम स्वतःच्या हातात धरून तिला मैदानात उतरवली. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि खरंच तेजात होती. मैदानाच्या कडेला बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या त्या मला अजून ऐकू येतात. पुढे यात्रा भरली त्या प्रत्येक वर्षी गेले. दरवर्षी मी म्हणायचे की शेवंतीला मैदानाची हौस आहे, ढोल ऐकला की कान टवकारते, पाय आपोआप उचलते. ते खरंही होतं. पण तिला घेऊन न जाण्याचं वर्ष आलं तर मांडवातले ते दोघे काय म्हणतील, हेही माझ्या मनात दरवर्षी होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

पायाचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते २०२१ च्या थंडीत. सकाळी पागेतून काढली की पहिली वीस-पंचवीस पावलं डावा मागचा पाय आखडलेला, खुराचं टोक जमिनीवर घासत जायचं. नालबंदानेच दाखवलं, काढलेली नाल हातात देऊन. पुढचं टोक झिजून पातळ झालेलं, टाचेकडचा भाग तसाच. थोडी चालली की मोकळी व्हायची. म्हाताऱ्या माणसाचं होतं तसंच, म्हणून आम्ही सोडून दिलं. पुढच्या वर्षी दत्तजयंती सात डिसेंबरला होती. आदल्या दिवशी मैदानात फिरवताना लंगड दिसली. बाजूच्या तंबूतल्या एका भल्या माणसाने गोळ्या दिल्या. पाण्यात कालवून पाज, उद्याचं मैदान निघून जाईल. मी पाजल्या. कुठल्या, किती, काही विचारलं नाही. मैदान निघून गेलं. दुसरा नंबर आला, फेटा बांधला, फोटो निघाले. तो फोटो दिवाणखान्यात होता. आता काढून ठेवला आहे.

त्या फोटोत तिचे कान मागे आहेत. वर्षभर भिंतीवर होता, मला दिसले नव्हते.

तर २०२३ च्या भाद्रपदात नाशिकहून घोड्यांच्या डॉक्टरबाई आल्या. नाचाचं मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. शेवटची लोळताना कधी पाहिलीत? खोगीर उतरवलं, घाम आला असला, की घोडं धुळीत पाठ घासतं, चारी पाय वर करून. शेवंती तर यात पटाईत, इकडून तिकडे पूर्ण कूस बदलायची. मी आठवायला लागले. मागच्या उन्हाळ्यात? त्याआधीच्या दिवाळीत? मला सांगता येईना. आप्पांनाही येईना. रोज दिसणारी गोष्ट कधी बंद झाली ते आम्हा दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी तिला कडक रस्त्यावर दुडकीवर पळवायला सांगितली, स्वतः मागे उभ्या राहून. पुढचा पाय दुखत असेल तर डोकं बघायचं, चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. मागचा असेल तर पुठ्ठे, म्हणजे कुल्ले बघायचे, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. डावा होतच होता. नंतर डावा मागचा पाय उचलून, पोटाकडे दुमडून मिनिटभर धरला आणि सोडल्यासोबत पळवायला लावली. पहिली सहा-सात पावलं तिने तो पाय धड टेकलाच नाही. आप्पांनी मान फिरवली.

ज्याला आपण सगळे मागचा गुडघा म्हणतो, तो घोड्याचा गुडघा नव्हेच, ते त्यांनी तिथेच समजावलं. तो माणसाच्या घोट्या-टाचेचा सांधा. खरा गुडघा वर, पोटाशी. घोट्याचा हा सांधा एक नाही, एकावर एक रचलेल्या हाडांमधल्या सांध्यांच्या चार ओळींचा आहे. हालचाल जवळजवळ सगळी सर्वांत वरच्या ओळीत होते. खालच्या दोन ओळी फार हलत नाहीत, पण भार सोसतात, आणि संधिवात बहुतेक वेळा तिथेच धरतो. जुने घोडेवाले ज्याला हड्डा म्हणतात तो हाच. एक्स-रे काढला. हाडांमधली काळी फट जिथे स्वच्छ दिसायला हवी तिथे धुरकट, आणि पुढच्या कडेला हाडाची बारीक टोकं आलेली. उजवीकडेही सुरुवात होती.

मी विचारलं, खालच्या ओळी जुळून एकसंध झाल्या की दुखणं थांबतं म्हणतात ना? मैदानात ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, खरं आहे, होतं तसं, काहींचं होतं, वर्षंही लागतात. पण शेवंतीच्या वरच्या ओळीलाही झळ लागली आहे. ती जुळायची नाही. मी इंजेक्शनचं विचारलं. देता येईल, म्हणाल्या, सांध्यात औषध सोडू, सूज उतरेल, काही महिने बरं जाईल. मग थोडं थांबून, "कशासाठी द्यायचं ते तुम्ही ठरवा. झोपण्यासाठी की नाचण्यासाठी."

पुढच्या पायांच्या जखमांचं कारण त्यांनी सांगितलं तेव्हा मी आप्पांकडे पाहू शकले नाही. घोडं उभ्याने डुलकी काढतं हे बरोबर. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकवून ठेवायची सोय त्याच्या अंगातच असते, म्हणून स्नायूंना जोर न देता उभं राहता येतं. पण गाढ झोपेचा एक टप्पा असा आहे की त्यात सगळे स्नायू सैल पडतात. स्वप्नं पडतात ती झोप. ती उभ्याने घेताच येत नाही. त्यासाठी आडवं व्हावंच लागतं, दिवसाकाठी अर्धा-एक तास तरी. ज्या घोड्याला खाली बसताना आणि मुख्य म्हणजे उठताना दुखतं, ते बसायचंच सोडून देतं. रात्रीमागून रात्री उभं. मग कधीतरी झोप त्याला न विचारता येते, पुढचे पाय दुमडतात आणि घोडं सांध्यांवर आपटतं. दचकून परत उभं. त्या त्याच्या खपल्या.

भाच्याने जुना मोबाइल खांबाला बांधून दिला. नऊ रात्री आम्ही पाहिलं. नऊ रात्रींत शेवंती एकदाही बसली नाही. दुसऱ्या रात्री तीन वेळा, पाचव्या रात्री चार वेळा मान खाली खाली गेली, पुढचे पाय लटपटले, गुडघे वाकले. एकदा नाक जमिनीला लागलं. एरवी ती दिवसा माझ्याकडे बघून फुरफुरायची, चणे मागायची. अगदी नेहमीसारखी.

मग मी एक गोष्ट केली, तिचं मला वाईट वाटतं, पण केली. मोबाइलवर ढोल लावला. शेवंतीने कान टवकारले, मान कमानीसारखी केली आणि डावा मागचा पाय उचलला. नऊ रात्री न झोपलेली घोडी. मी ढोल बंद केला. इतकी वर्षं मी यालाच तिची हौस म्हणत होते. ठेका ऐकला की पाय उचलायचा हे तिला आम्ही शिकवलेलं होतं आणि ती ते विसरली नव्हती, एवढंच त्यातून कळत होतं. पाय कसा आहे ते त्यातून कळायची सोयच नव्हती. डॉक्टरबाईंनी लोळण्याचं का विचारलं ते मला तिथे उमगलं. लोळायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मैदान त्या दिवशी संपलं. त्या वर्षीच्या दत्तजयंतीला नाव दिलं नाही.

त्यानंतरही मागण्या आल्या. वरातीला द्या, नुसती चालवू. एकाने वेतासाठी मागितली, एवढं चांगलं रक्त वाया का घालवता म्हणून. अकरा महिने पोटात शिंगरू, शेवटी शेवटी त्याचं ओझं त्याच मागच्या पायांवर. नाही म्हटलं. विकायचा तर प्रश्नच नव्हता. म्हातारं घोडं एकदा हातातून गेलं की दोन-तीन हात बदलून कुठे पोचेल सांगता येत नाही. वीटभट्टीवर गाडी ओढणारी घोडी मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकीचे कान शेवंतीसारखे होते.

नुसतं बांधून ठेवणं म्हणजे विश्रांती, असं आम्ही समजत होतो, तेही चुकलंच. बांधलं की सांधा आणखी आखडतो. अगाडी-पछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायच्या दोऱ्या, दोन्ही काढल्या. विहिरीजवळचं अर्धा एकर पडीक कुंपण घालून तिला मोकळं दिलं, हळूहळू दिवसभर चालायला. हरभरा कमी केला, कडबा आणि लसूणघासावर आणली, कारण अंगावरचा प्रत्येक किलो त्या सांध्याला उचलावा लागतो. खूर दर सहा आठवड्यांनी, टोक आखूड ठेवून. इंजेक्शन दिलं, झोपण्यासाठी. वेदनेची गोळी थंडीच्या दिवसांत, डॉक्टर सांगतील तेवढीच आणि तेवढेच दिवस, कारण त्या औषधांनी पोटात व्रण होतात.

आणि वाळू. हे आप्पांच्या डोक्यातलं. ते म्हणाले, फरशीवरून उठताना खूर सरकतो, म्हणून ती घाबरते. तिला रुतायला पाहिजे. पागेची मागची भिंत पाडून बारा बाय पंधरा फुटांचा चौक केला, त्यात हातभर जाड वाळू भरली. एका बाजूला थोडा उतार ठेवला, म्हणजे उठताना पुढचे पाय खालच्या अंगाला येतील. पहिले पंधरा दिवस ती तिथे नुसती उभी राहायची. पायाने उकरायची, वास घ्यायची, मागे सरायची. मी रोज सकाळी चौक बघायला जायचे. खुरांचे ठसे, बाकी काही नाही.

२०२४ चा जानेवारी, संक्रांतीच्या नंतरची सकाळ. थंडी होती. अंग घासायचा खरारा घेऊन मी आत गेले. शेवंती उभी होती, चणे मागायला पुढे आली. तिच्या डाव्या कुशीवर, पोटापासून मानेपर्यंत आणि थेट गालापर्यंत, वाळू चिकटली होती. आयाळीत वाळू, पापणीवर वाळू. चौकात मधोमध तिच्या अंगाएवढा खळगा.

मी आप्पांना हाक मारली. ते आले, खळग्याकडे पाहिलं, माझ्या हातातला खरारा काढून घेतला आणि खुंटीला लावून ठेवला. "आज ऱ्हाऊ दे, ताई," म्हणाले.