अकराची पेज

पोट साफ होण्याचं चूर्ण आणून आईपुढे ठेवलं. तिने डबी उलटसुलट पाहिली. म्हणाली, "हे राहू दे. माझी सकाळी अकराची पेज तेवढी परत दे."

गप्पच झाले. पेज शिजवायचा कंटाळा, म्हणून मीच तिला चहा-बिस्किटांवर आणलं होतं. वर सोय म्हणून मिरवलंही!

आमच्या गोव्याकडची ही मधल्या वेळची न्याहारी: उकड्या तांदळाची पेज, अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे खोबऱ्याच्या वाटपाची उसळ, तोंडी लावायला खारातली कैरी. अळसांद्यांतून चोथा मिळायचा, पेजेतून पाणी नकळत पोटात जायचं. म्हातारपणी तहानच कमी लागते. ७८ व्या वर्षी ही पाणी पिते ते गोळ्या गिळण्यापुरतं.

आज म्हापशाहून उकडे तांदूळ आणून पेज केली. वाटी रिकामी करून म्हणते, "मीठ कमी."

तुमच्याकडे शिजते का अजून अकराची पेज?