गळ नव्हे, लारी

पाऊस सरला की मला किनाऱ्यावरून बोलावणी येतात. पावसाळी लाटांनी पुळणीवरची रेती ओढून नेलेली असते, खाली दडलेलं वर येतं. जुन्या धातूच्या वस्तू ओळखणं आणि टिकवणं हे माझं काम. त्या दिवशी दाभोळजवळ एका खारवी काकांच्या पडवीत बसले होते.

काकांनी चार-पाच वर्षांत वेचलेलं सगळं सुपात मांडलं. तांब्याचे चौकोनी दांड्याचे, हिरवे पडलेले खिळे जहाजाचे होते. शिशाची वजनं जाळ्याची. ती आजही तशीच ओततात, त्यामुळे वय सांगता येईना. चुंबकाला चिकटला तो गोळा म्हणजे गंजलेलं लोखंड.

मग पुडीतून त्यांनी एक काळपट तार काढली. मधोमध दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी.

"जुना गळ वाटतो, ताई. पण याला टोकच नाय."

माझ्या छातीत धडधडलं. गळाला अणकुची हवी, दोरी बांधायला जागा हवी. इथे दोन्ही पाय सारख्याच लांबीचे आणि ठोकून चपटे केलेले. चुंबक लागेना. वजन भरलं ४.७ ग्रॅम. बॅटरीचा झोत आडवा धरून भिंगातून पाहिलं, तर काळ्या थराखाली फारसी अक्षरं! तीही अर्धवट, कारण ठसा तारेपेक्षा रुंद असतो आणि मजकुराचा तुकडाच तारेवर उमटतो. एका पायावर ‘अली’ एवढं लागलं.

ती लारी होती. चांदीचं नाणं. इराणातल्या लार शहरावरून हे नाव पडलं. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदराकडून घोडे घेऊन येणाऱ्या गलबतांचा दाभोळशी व्यापार होता, आणि त्या व्यवहारात ही तार तोलून घेत. पुढे विजापूरकरांनी स्वतःच्या लाऱ्या पाडल्या. दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६–१६७२) त्यातल्या प्रसिद्ध. ही त्याचीच असावी, असं मला वाटतं.

"अशा अजून दोन होत्या," काका हळूच म्हणाले. "चिंचेनं घासल्या, चांदी निघाली. सोनाराला दिल्या. नातीच्या पैंजणात गेल्या."

मला क्षणभर बोलवेना. काकांवर राग नव्हता. सरकारात कळवलं तर लचांड मागे लागेल, ही भीती मी घरोघर ऐकते. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मी तिथेच बसून अर्ज लिहून दिला, सोबत येईन म्हणाले. तार घासू नका, हे दोनदा सांगितलं. त्या काळ्या थराबरोबर अक्षरंही जातात.

"नेमकी कुठे सापडली?" मी विचारलं. रेती रोज हलते, त्यामुळे फारशी आशा नव्हती.

काका उठून अंगणाच्या कडेला गेले. "सुकतीला, ओहोटी लागली की, पाण्यात घोट्याएवढं उभं राहायचं. देवळाचा कळस त्या वाकड्या माडावर आणायचा. आणि डावीकडं खडपाचं टोक पलीकडच्या डोंगराच्या खिंडीत बसलं पाहिजे. तिन्ही तिथंच गावल्या."

समुद्रात जाळ्याची जागा ते अशीच, किनाऱ्यावरच्या खुणा एका रेषेत आणून धरतात. मी वही काढली आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.