लेकीच्या जेवणाची वरात

आमच्या घरून रोज संध्याकाळी वरात निघायची. पुढे अडीच वर्षांची लेक, मागे वरणभाताची वाटी घेऊन मी, माझ्या मागे पाण्याचा पेला घेऊन आई. गॅलरी, जिना, खाली पार्किंग. एक घास काऊचा, एक चिऊचा, बाकीचे गालात तसेच धरून ठेवलेले. तासाभरानं वाटी अर्धी व्हायची, आणि झोपताना दुधाची बाटली मात्र ती घटाघटा संपवायची.

शेवटी नागपुरातच, धंतोलीत बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. भूक वाढवणारं टॉनिक मिळेल, अशी माझी आशा. मॅडमनी आधी वजन-उंची तक्त्यावर मांडली. रेघ व्यवस्थित वर जात होती. मग विचारलं, "दूध किती पिते?" सकाळ, दुपारची झोप, संध्याकाळ, रात्र असं जोडत गेलो तर आकडा लिटरच्या घरात. या वयात दिवसाला ४०० ते ५०० मिली पुष्कळ झालं, असं त्या म्हणाल्या. दुधात लोह नसल्यातच जमा, आणि दुधानं पोट भरलं की पोळीभाजीला जागा कुठून राहणार? रक्त तपासलं, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. लोहाचे थेंब सुरू झाले, तेही दुधासोबत द्यायचे नाहीत. (शी काळी होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितलं ते बरं झालं. नाहीतर आईनं घर डोक्यावर घेतलं असतं.)

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र २ ते २.५ किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही उतरते. हे कळल्यावर माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

काय, कधी आणि कुठे हे आपण ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली ही वाटणी. मॅडमनी ती सांगितली, बायकोला पटली, आईला अजिबात नाही. बाटली बंद करून पेल्यातून दूध सुरू केलं त्या रात्री लेक रडत झोपली, आणि आईनं मला सुनावलं, "पोरीले उपाशी झोपवतं का रे?" मी गप्प बसलो. सकाळी लेकीनं अख्खं धिरडं खाल्लं, तेव्हा आई गप्प बसली.

जेवायला आता सगळे खाली एकत्र बसतो. अर्ध्या तासात ताट उचलायचं, ओरडा नाही, लाडीगोडी नाही, मधल्या वेळेत बिस्किटं नाहीत. मोबाईल बाहेरच्या खोलीत. क्रिकेटचा स्कोअर न बघता जेवणं मलाच जास्त जड गेलं, ते वेगळं.

तिच्यात खरा बदल दिसला तो गोळाभाताच्या दिवशी. आईनं तिच्यासाठी हरभऱ्याच्या डाळीचे दोन गोळे बिनतिखटाचे केले होते. लेकीनं एक गोळा बोटानं दाबला, फुटला तशी दचकली, मग आत वाकून बघितलं. चुरा भातात कालवला, कोपरापर्यंत माखली, आणि कोणी काही न म्हणता तोंडात घातला. आम्ही तिघं मुद्दाम आपापल्या ताटात बघत होतो. बायको पायानं मला ढोसत होती, हसू नको म्हणून.

नवी चव पचनी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. म्हणून कोहळ्याची एक फोड ताटात असतेच. कित्येक दिवस ती फोड उचलून माझ्या ताटात यायची. आता चाटून परत ठेवते. एवढीही प्रगती मी मोजतो. शेंगदाणे अख्खे देत नाही, घशात अडकतात. कूट करून भाजीत घालतो. संत्र्याची फोड सोलून, बिया काढून. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला तेव्हा दुपारचं खाणं एकदम कमी झालं. दहीभात आणि पन्ह्यावर भागवलं, मागे लागलो नाही.

वांग्याच्या भरताला मात्र ती हात लावत नाही. परवा मी पुन्हा चिमूटभर वाढलं, तिनं ताट सरकवलं. आई तिला म्हणाली, "राहू दे वं माय. तुह्या बापानं बी दहावीलोक कुठं खाल्लं होतं?"