भाग दोनची प्रगती: तेरा तारीखच गायब!

मेजी काळातल्या टोकियोत घडणाऱ्या माझ्या कादंबरीच्या भाग दोनमधला मधला गुंता सुटला! मागच्या नोंदीत मी जवळजवळ हात टेकले होते. टोकियोतल्या शिंबाशी स्टेशनपासून पुढचं सगळं फाडून नव्याने लिहिते, असंही म्हणून बसले होते. ते मागे घेते. फाडाफाड होणार आहे, पण थोडीच.

भाग एकचा खर्डा वाचलेल्यांना आपल्या मॅजिक सिस्टीमचा नियम पाठ असेल. वस्तूला शंभरावं वर्ष लागलं की तिच्यात जीव येतो आणि ती त्सुकुमोगामी होते. हा नियम मी बनवलेला नाही, मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) चित्रकथांमधून तो जसाच्या तसा उचललाय, त्यामुळे तो वाकवायला हात धजत नाही. पण भाग दोनला फौज लागते. एकट्यादुकट्या चहादाणीने टोकियो हादरत नाही. हजारो वस्तू एकाच रात्री जाग्या व्हायला हव्यात, आणि ज्याची शंभरी त्याला या हिशेबाने ते जमेना. इंजिनाची वाफ लागून वस्तू जाग्या होतात, असं करून पाहिलं. मग शिंबाशी-योकोहामा लाइनीवरचा प्रत्येक कंदील बोलायला लागला आणि कथेचा तमाशा झाला. खलनायकाच्या तोंडी मंत्र घालून पाहिला. त्यावर एका बीटा वाचकाने समासात एवढंच लिहिलं: 'मग इतकी वर्षं थांबले कशाला?' याला उत्तर नव्हतं.

उत्तर सापडलं ते तारखांच्या तक्त्यात. भाग एक संपतो रेल्वेच्या उद्घाटनाला, म्हणजे १४ ऑक्टोबर १८७२ ला, जुन्या जपानी पंचांगाने नवव्या महिन्याच्या १२ तारखेला. तिथून पुढे प्रत्येक प्रकरणाला दोन्ही तारखा लावत निघाले होते. बाराव्या महिन्याला पोचले, तर महिना दोन दिवसांत खलास. मेजी सरकारने, म्हणजे १८६८ नंतरच्या सम्राटाच्या नव्या राजवटीने, पंचांग बदललं ते असं: बाराव्या महिन्याची २ तारीख झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडली १ जानेवारी १८७३. फर्मान निघालं होतं आदल्या महिन्याच्या ९ तारखेला, म्हणजे लोकांना जेमतेम तीन आठवडे मिळाले. इथपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मलाही होतं, पण त्याचा उपयोग 'अरे वा, काय गंमत' याच्या पलीकडे दिसला नव्हता.

आता सुसुहाराई आठवा. वर्षअखेरची काजळी झाडायची मोठी साफसफाई. त्याच चित्रकथेत सांगितलंय की शंभरी भरत आलेल्या वस्तू लोक नव्या वर्षाआधी या साफसफाईत बाहेर फेकून देतात, जीव येण्याची भानगडच नको म्हणून. एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, ही साफसफाई कधी व्हायची? बाराव्या महिन्याच्या १३ तारखेला.

ती १३ तारीख त्या वर्षी आलीच नाही!

म्हणजे माझ्या टोकियोत कोणी काही फेकलं नाही. नव्याण्णव वर्षांच्या सगळ्या वस्तू घराघरांत जागच्या जागी राहिल्या. त्यात जुनी वय मोजण्याची पद्धत अशी, की जन्मतःच एक वर्ष धरायचं आणि प्रत्येक नव्या वर्षाला सगळ्यांनी एकदम एकेक वर्षाने मोठं व्हायचं. वस्तूंनाही हीच पद्धत लावली की सगळ्यांची शंभरी एकाच मध्यरात्री भरते, तीही जवळजवळ महिनाभर आधी, कोणाची तयारी नसताना. नियमाला धक्का नाही, मंत्र नाही, वाफ नाही. एका सरकारी कागदाने हे घडतं. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या.

शंका राहिली ती संख्येची. १८७३ मध्ये शंभराव्यात येणारी वस्तू १७७४ ची हवी. त्या एकाच सालच्या इतक्या वस्तू कुठून आणायच्या? तर १७७२ मध्ये मेगुरोहून पेटलेल्या आगीने एदोचा केवढा तरी भाग जाळला होता, हजारोंनी माणसं गेली होती. आगीनंतर आधी घरं उभी राहतात, मग त्यांत पेट्या, फडताळं, आरसे, छत्र्या, घड्याळं येतात. त्याला दोनेक वर्षं धरली की थेट १७७४. अख्ख्या शहराने एकदम सामान विकत घेतलेलं वर्ष. इतकं चपखल बसल्यावर मला जरा संशयच आला. दोनदा बेरीज-वजाबाकी करून पाहिली, बसतंय.

खलनायकही बदलतोय. मंत्रवाल्या काळ्या झग्यातल्या बाबाला नारळ. त्याच्या जागी अर्थखात्यातला एक सज्जन, टापटिपीचा कारकून. तेव्हाच्या सरकारातला बडा नेता ओकुमा शिगेनोबूने पुढे आठवणींत सांगितलं होतं, की नव्या वर्षात अधिक महिना येत होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते, आणि तिजोरीत खडखडाट होता. पंचांग बदललं की तेरावा पगार वाचतो, वर दोन दिवसांचा बारावा महिनाही बुडवता येतो. माझा कारकून हा हिशेब मांडतो आणि खूश होऊन घरी जातो. त्याच्या घरी पणजीची एक छत्री आहे. पुढचं तुम्हीच ताडा.

याच फर्मानाने दुसरी एक गाठही सुटली, ती म्हणजे योत्सु. कथेतलं मुख्य पात्र सेन, तिच्या दुकानातलं हे म्हातारं घड्याळ भाग एकमध्ये फक्त कोपऱ्यात टिकटिकत होतं, आणि मला त्याला बोलतं करायचं होतं. जुनी जपानी घड्याळं ऋतूप्रमाणे चालत. पहाट ते सांज सहा भाग, सांज ते पहाट सहा भाग. ऐन हिवाळ्यात दिवसाचा एक भाग आपल्या पावणेदोन तासांच्या थोडा वर, रात्रीचा सव्वादोनला थोडा कमी. त्यासाठी आत दोन आडव्या दांड्या, एक दिवसाची, एक रात्रीची, आणि त्यांवरची वजनं दर पंधरवड्याला सरकवायची. सेनचं पोट त्याच वजनं सरकवण्यावर चालतं. फर्मानाने ठराविक चोवीस तास आणले आणि योत्सु ज्या मध्यरात्री जिवंत होतो, त्याच मध्यरात्री भंगार ठरतो. त्याचं पहिलं वाक्य लिहून झालंय. ते इथे देत नाही, पण या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य तेच आहे. ठोक्यांचंही जमलं: मध्यरात्री नऊ, मग आठ, सात, सहा, पाच, चार आणि पुन्हा नऊ. उलट उतरत जाणारे ठोके थरारक प्रसंगाला आयतं काउंटडाउन देतात. फक्त ते चारवर थांबतं, म्हणजे वाचक तिनाची वाट बघत राहतो.

साधनांबद्दल थोडं. ज्या महागड्या लेखन-सॉफ्टवेअरची आपल्यात एवढी चर्चा होती, त्यातून मी भाग दोन बाहेर काढला. लिहिताना ते छान वागतं, पण पीडीएफ केली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'सूर्य' प्रत्येक पानावर वाकडा उगवत होता. आता प्रकरणं साध्या टेक्स्ट फाइलींत आणि तारखा स्प्रेडशीटमध्ये. कॉर्कबोर्ड, रंगीत कार्डं, पात्रांचे फोटो चिकटवायच्या सोयी ज्यांना हव्यात त्यांनी खुशाल वापराव्यात. मला तारखांचे दोन रकाने पुरले.

चहा वाढणाऱ्या काराकुरी (यांत्रिक) बाहुलीची चाल हातासरशी दुरुस्त केली. १७९६ च्या यंत्रपुस्तकातल्या आकृतीप्रमाणे तिची स्प्रिंग व्हेलच्या तोंडातल्या पट्टीची असते, आणि पेला उचलला की ती थांबते. म्हणजे पाठलागात तिला पळवायचं तर कोणीतरी तिच्या हातात पेला ठेवायला हवा. हा प्रसंग आपोआप विनोदी झाला.

तानुकीवाल्या (रूप बदलणारा, रॅकूनसारखा दिसणारा लोककथांतला प्राणी) प्रकरणाला मात्र अजून हात नाही. तानुकी बनावट आगगाडी होऊन समोरून शिट्टी मारत येतो, या मेजी काळातल्या लोककथांवर ते बेतलंय. जागा ताकानावाचा बांध, म्हणजे रेल्वे जिथे चक्क समुद्रातून जायची तो पट्टा. ड्रायव्हर इंग्रज ठेवावा लागणार, कारण जपानी ड्रायव्हर १८७९ पर्यंत नव्हतेच, आणि इंग्रजाला तानुकी म्हणजे काय हे सांगणार कोण? बहुधा योत्सु. पण तो तेव्हा टोकियोच्या दुसऱ्या भागात, असाकुसात आहे.

आणि हे लिहिता लिहिताच एक लक्षात येतंय. १८७२ च्या वसंतात टोकियोतला गिन्झा भाग जळला होता, त्यानंतर तिथे विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या १७७४ च्या वस्तू? त्या नव्याण्णवाव्या वर्षी जळाल्या. शंभरीला एक वर्ष कमी! जाग्या झालेल्या वस्तू चिडलेल्या असतील, पण या तर अर्धवट राहिलेल्या. त्यांना रूप काय द्यायचं, राख की विटांच्या फटींतला आवाज? मी ज्या फौजेला खलनायक समजत होते, ती कदाचित सेनच्या बाजूने उभी राहील आणि खरी भीती गिन्झाच्या नव्या विटांतून येईल.

तसं झालं तर शेवट नव्या वर्षाच्या मध्यरात्री नको, सेत्सुबुनला, म्हणजे वसंत सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच्या सणाला हवा. चित्रकथेतही वस्तूंचं रूपांतर त्याच रात्री होतं, आणि सेत्सुबुन सूर्यावर चालतो, त्यामुळे कारकुनाच्या कागदाने तो हलत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. म्हणजे जाग येणं आणि शेवटची लढाई यांच्यामध्ये मला महिन्याभराची जागा मिळाली. तानुकी त्यातच घालते. प्रकरण चौदापासूनची आउटलाइन आज पुसतेय.