डोकं नको चालवायला म्हणून लेगो

सरळच सांगते, रात्री जेवणं आवरून मी ठोकळे जोडत बसते ते डोकं चालवावं लागू नये म्हणून. हे कुणाला पटत नाही. लेगो म्हटलं की सगळ्यांना कल्पनाशक्तीच आठवते, पोरांच्या शाळेतपण तसंच सांगतात, आणि इथं चाळिशी ओलांडलेली बाई मॅन्युअल उघडून पान पान पुढं सरकतीये म्हणजे "मग ही कॉपीच झाली की", असं ऑफिसातली एकजण म्हणालीच. व्हय, कॉपीच. मला तेच पाहिजे असतं त्या वेळी.

माझं काम वसुलीचं. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत बसून थकलेल्या हप्त्यांसाठी फोन लावायचे. "उसाचं बिल आलं की भरतो", "सोमवारी नक्की", आता सोमवार कुठला ते विचारायचं नाही. कुणी शिव्या घालतं, कुणी रडतं, कुणी मुद्दाम फोन म्हाताऱ्या आईकडं देतं. आणि प्रत्येक फोनला आपण काहीतरी ठरवायचं असतं, आवाज चढवायचा की सबुरीनं घ्यायचं, जामीनदाराला कळवायचं की अजून आठ दिवस थांबायचं, नोटीस काढायची का, आणि एवढं करून फोन ठेवला तरी प्रकरण मिटलेलं नसतंच, फाईल तिथंच, परवा परत तोच नंबर. मार्च एंडला तर विचारूच नका. संध्याकाळी घरी आले की नवरा विचारतो भाजी कुठली करायची, आणि मला खरंच उत्तर सुचत नाही. दिवसभर ठरवून ठरवून ठरवण्याचा कोटाच संपलेला असतो.

अशात पुण्याच्या भाचीनं वाढदिवसाला लेगोचं बोन्साय दिलं. मी म्हटलं अगं मला काय करायचं हे, तर म्हणे मावशी, खोका बघ, अठरा प्लस लिहिलंय. आता तसे बरेच निघालेत. २०२० पासून कंपनीनं मोठ्यांसाठीच्या सेटवर १८+ छापायला सुरुवात केली आणि काळे खोके आणले, २०२१ मध्ये फुलांचा गुच्छ आणि हे बोन्साय आलं. बोन्सायमध्ये ८७८ पीस. पिशव्यांवर नंबर असतात, एक नंबरची पिशवी फोडायची, तेवढंच जोडायचं, मग पुढची.

त्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या झाडाला दोन प्रकारची डोकी लावता येतात, एक हिरव्या पानांचं आणि एक गुलाबी बहराचं. बहराच्या पिशवीत हात घातला तर हातात काय आलं, बेडूक! नखाएवढे गुलाबी बेडूक, पाय दुमडून बसलेले, डोळेबिळे सगळं व्यवस्थित. मला वाटलं दुसऱ्याच सेटचं काही चुकून आलं. पण नाही, तीच फुलं. एक एक बेडूक फांदीवर टक् करून बसवायचा आणि झाल्यावर चार पावलं मागं जाऊन बघायचं, तिथनं बेडूक दिसतच नाही, नुसता गुलाबी बहर. ज्यानं कुणी हे डिझाईन केलं त्याला साष्टांग नमस्कार. पाहुण्यांना मी मुद्दाम जवळ जाऊन बघायला लावते, एक मावशी तर किंचाळल्याच.

तर त्या बेडकांच्या नादात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, डोक्यात एकसुद्धा कर्जदार आला नाही. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, दोन्ही हात गुंतलेले, आणि विचारायला कोणी नाही की आता पुढं काय. पुढं काय ते पानावर छापलेलं आहे. पीस बसला तर टक् होतं आणि हाताला कळतं, नाही बसला तर तेही लगेच कळतं. सबुरीनं घेण्याचा प्रश्नच नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, माणूस कामात पार बुडून जातो त्या अवस्थेला त्यांनी फ्लो म्हटलं आणि त्यासाठी जे लागतं म्हणून सांगितलं ते हेच, काय करायचंय ते स्वच्छ माहीत असावं, जमलं की नाही ते तिथल्या तिथं कळावं, काम फार सोपं नको आणि आवाक्याबाहेरचंही नको. वसुलीच्या फोनला यातलं एकही लागू नाही, हे मी कुणाला सांगायला नको.

आता कल्पनाशक्तीवाल्यांसाठी एक आकडा. आठ बटणांचे (बटणं म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरचे गोल उंचवटे), म्हणजे दोन बाय चारचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांना किती प्रकारे जोडता येतील? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. आधी वर्षानुवर्षं १० कोटी २९ लाखांचा आकडा सांगितला जायचा, पण त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजलेले होते, मग डेन्मार्कच्या एका गणितज्ञानं कॉम्प्युटर लावून सगळंच मोजलं. लहान पोराला हे ९१ कोटी म्हणजे स्वर्ग. साडेसहाला ऑफिसातून सुटलेल्या माणसाला नको वाटतं ते. कुणीतरी त्या कोट्यवधीतला एक निवडून पानावर छापून दिलाय आणि मला फक्त बसवायचाय, यातच माझी विश्रांती आहे. ज्याला मोकळ्या ढिगातून मनाचं काहीतरी बनवून बरं वाटतं त्यानं जरूर बनवावं, पण दमलेल्या माणसाच्या पुढ्यात ढीग ओतून "कर काहीतरी क्रिएटिव्ह" असं म्हणू नये एवढंच.

घरातलं म्हणाल तर आई, म्हणजे सासूबाई, सुरुवातीला बोलायच्या, "एवढे पैसे घालून ठोकळे? पोरं मोठी झाली तरी?" मी म्हटलं आई, तुमचा लेक दर दिवाळीला पोरांच्या नावाखाली अंगणात प्रतापगड करतो, चिखलात कोपरापर्यंत बरबटतो, पोरं आत मोबाईल बघत असतात, त्याला कधी विचारलं का? त्यावर त्या हसल्या आणि गप्प बसल्या. मग एकदा मी सुटे पीस वेगळे करत होते तर स्वतःच म्हणाल्या, "आण इकडं ताट." तांदूळ निवडायला बसल्यासारख्या बसल्या, चष्मा लावून, ताट तिरकं धरून, आणि बघता बघता सगळं वेगळं. मी आधी रंगाप्रमाणं लावत होते. त्या म्हणाल्या रंगानं नको, आकारानं लाव, तांबड्यात तांबडं शोधायला डोळे फुटतात, पण सगळे बारके एका डब्यात असले की त्यातलं तांबडं आपोआप दिसतं. नंतर वाचलं तर मुरलेले लेगोवालेही हेच सांगतात. आता फडताळात श्रीखंडाचे रिकामे डबे रांगेनं आहेत, आत सगळं आकारवार, वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या: "चपटे", "बिजागरी", "दिवा", "कळत नाही".

पैशाचं मात्र त्या म्हणतात ते खरंय. मोठे सेट महाग, फार महाग. ताजमहालचा २०१७ चा सेट ५,९२३ पीसचा, तो मी फक्त फोटोत बघते. पण मूळ ठोकळ्याच्या पेटंटची मुदत कधीच संपलीये त्यामुळं तसेच बसणारे दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे मिळतात, आपल्या मोती चौकाच्या बाजूलापण पाकिटं दिसतात. फरक पडतो तो पकडीत. वरची बटणं आणि आतल्या नळ्या यांची पकड, हीच सगळी करामत. १९४९ मध्ये आले ते ठोकळे आतनं पोकळ होते, रचलेलं सुटायचं. २८ जानेवारी १९५८ ला नळ्यांचं पेटंट दाखल केलं आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. हे सुरू कुणी केलं, तर डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या गावातल्या एका सुतारानं, १९३२ मध्ये, लाकडी खेळण्यांपासून. स्वस्त पाकिटात एखादा सैल निघतो, एखादा इतका घट्ट की नख तुटतं. मला विचाराल तर पहिला सेट लहान घ्या पण चांगला घ्या, कारण ती टक् नीट आली नाही तर डोकं शांत व्हायच्या ऐवजी भडकतं.

एवढ्यावर थांबावं ना माणसानं. पण नाही, मला साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर ठोकळ्यांत करायचीये. ज्यांनी बघितली नसेल त्यांनी पुण्याला जाता-येता हायवे सोडून आत जाऊन बघाच, १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार, अष्टकोनी, साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद, आणि आत चक्क महाल. याचं मॅन्युअल कुठून येणार. आणि ठोकळे चौकोनी, विहीर अष्टकोनी.

पोराची चौकटीची वही घेऊन बसले. तिरक्या भिंतीला बिजागरीचे पीस लागतात ते ठीक, पण तिरकी बाजू बटणांच्या घरात बसायला हवी ना. पाच घरं आडवी आणि पाच उभी गेलं तर तिरकं अंतर पायथागोरसनं ७.०७ घरं येतं. म्हणजे सात घरांची भिंत जवळपास बसते! एक घर ८ मिलिमीटरचं, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तेवढं बिजागरी सांभाळून घेते. मग सरळ बाजूपण सातचीच, एकूण रुंदी ५ + ७ + ५, सतरा घरं, १३.६ सेंटिमीटर. त्याच प्रमाणात खोली काढली तर साधारण ३० सेंटिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणजे ३१ थर. सात बटणांचा ठोकळा मी तरी बघितला नाही त्यामुळं एका बाजूला चार आणि तीन, वरच्या थराला तीन आणि चार, गवंडी करतो तसे सांधे मोडत जायचं. थराला १६ ठोकळे, ३१ थरांना ४९६, त्यात दरवाजा, जिना आणि महाल अजून धरलेलाच नाही.

आणि हे करताना मी वैतागते, रात्री झोप उडते, नवऱ्याशी कमानीवरून भांडण होतं. त्यामुळं विहीर फक्त रविवारी. सोमवार ते शनिवार मॅन्युअल, सध्या बोन्साय मोडून परत पहिल्या पिशवीपासून चाललंय, दुसऱ्यांदाही तेवढंच बरं वाटतंय.

विहिरीचं सध्या अडलंय ते एक बाय तीनवर, म्हणजे भिंतीतल्या त्या तीन बटणांच्या ठोकळ्यांवर. सुट्या पाकिटात दोनच्या रुंदीचे बक्कळ येतात, एक बाय तीन शोधून सापडत नाहीत, त्यात राखाडी तर नाहीच. सातारा, कोरेगाव, कराड, कुठंही कुणाच्या माळ्यावर पोरांचे जुने पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन, बदल्यात कंदी पेढे देईन. तांबडे-पिवळे नकोत.