७.५जे रिमवर १९५: आतल्या बीडची गळती अखेर सापडली

माझ्या पोलोच्या मागच्या उजव्या चाकाची हवा कुठून जात होती ते कळलं. रात्री ३५ पीएसआय भरावी आणि सकाळी काट्यावर ३१ दिसावी, असा प्रकार चालला होता. व्हॉल्व्ह बदलून झाला, दुकानात टाकीत बुडवून झालं, नायट्रोजनही भरून झाला, फरक शून्य. दोष होता आतल्या बाजूच्या बीड सीटवर, म्हणजे टायरची तारेची कड (बीड) रिमवर जिथे बसते तिथे, पावडर कोटिंगच्या थरात. ७.५ इंची रिमवर १९५ मिमीचा टायर ताणून बसवला नसता तर एवढ्याशा उंचवट्याने बहुधा काहीच बिघडलं नसतं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मापं पुन्हा देतो. गाडी पोलो. कंपनीचं रिम १५x६ ईटी ४० (ईटी म्हणजे रिमचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर, मिमीत), टायर १८५/६० आर१५. आताचं रिम १५x७.५ ईटी ३५, पीसीडी ५x१०० (१०० मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ७३.१. टायर १९५/५५ आर१५, लोड इंडेक्स ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. कंपनीच्या ८४ला ५०० होते. व्यास ६०३वरून ५९५.५ मिमीवर आला, फरक सव्वा टक्का, तेव्हा स्पीडोमीटरची काळजी नाही. काळजी रुंदीची. या मापाला तक्त्यात मान्य रिम ५.५ ते ७ इंच आहे. आपण अर्धा इंच बाहेर आहोत. फोटोत हा ताण सौम्य दिसतो, पण बीडच्या दृष्टीने तो सौम्य नाही.

याचं कारण असं. रिम मापात असेल तेव्हा टायरची भिंत फुगीर राहते आणि बीडला बाहेर, रिमच्या कडेकडे रेटते. रिम रुंद झालं की भिंत तिरकी होते आणि तीच बीडला आत ओढायला लागते. आता बीड जागेवर धरून ठेवायचं काम एकट्या हवेचं. बीडचा बाहेरचा काठ सीटवरून किंचित उचलला जातो, सगळा दाब आतल्या काठावर येतो, आणि जिथे रुंद पट्टी सील करत होती तिथे बारीक रेघ उरते. या रेघेखाली रंगाचा ओघळ, गंजाचा फोड किंवा जुन्या सीलरचा तुकडा आला की हवेला वाट मिळाली. हवा कमी झाली की बीडवरची पकड आणखी ढिली होते. अशा अवस्थेत जोरात वळण घेतलं तर बीड हंप (त्याला अडवणारा रिमवरचा बांध) ओलांडून रिमच्या मधल्या खाचेत उतरू शकतो. त्यामुळे ताणलेल्या टायरमध्ये ‘रोज दोन-चार पीएसआय जाते, भरत राहू’ हे धोरण चालत नाही.

गळती शोधायची रीत नीट सांगतो, कारण सगळा वेळ इथेच गेला. पंक्चरवाल्याच्या टाकीत चाक एकदा फिरवलं की मोठी गळती दिसते. रात्रभरात चार पीएसआय सोडणारी गळती विखुरलेले बारीक बुडबुडे सोडते आणि ते पाण्यात हरवतात. शिवाय दुकानात सगळ्यांची नजर चाकाच्या बाहेरच्या अंगावर. चाक काढा, पुठ्ठ्यावर चेहरा खाली करून आडवं ठेवा, म्हणजे आतलं अंग वर येतं. ताणलेल्या टायरचा एक फायदा असा की रिमची कड आणि टायरची भिंत यांच्यात उघडी खाच राहते. भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी त्या खाचेत गोलाकार भरा आणि दहा मिनिटं हात लावू नका. आपल्या चाकावर व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला, साधारण १२ सेंमी लांबीत, बारीक पांढरा फेस जमून आला. मोठे बुडबुडे नाहीत, मुंगीच्या अंड्यांएवढे दाणे. हेच पाणी व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि रिमच्या आतल्या गोल पिंपासारख्या भागावरही फिरवलं होतं, ओतकामात छिद्रं आहेत का ते बघायला. तिथे काही नव्हतं.

दुसरी खूण फेसाच्याही आधी दिसायला हवी. टायरच्या भिंतीवर बीडजवळ एक बारीक उठावाची रेघ गोल फिरते. बीड नीट बसला असेल तर ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर असते. आपल्या चाकावर बाहेरून रेघ अचूक होती. आतून, फेस आला त्याच टप्प्यात, ती जवळजवळ २ मिमी आत ओढलेली होती. टायर बसवून झाल्यावर ही रेघ दोन्ही अंगांनी बघायला सांगा. मागच्या अंगाकडे कोणी स्वतःहून बघत नाही.

बीड मोडून टायर उतरवला आणि सीटवर नख फिरवलं, तर तिथे कडक गुळगुळीत उंचवटा. रंगकामाच्या वेळी पावडर एका जागी साचून भट्टीत तशीच भाजली गेली होती. रंगवणाऱ्यांनी बीड सीट झाकलीच नव्हती. तुम्ही रिम रंगवायला देणार असाल तर हे लिहून द्या: दोन्ही बीड सीट, हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा मागचा भाग आणि बोल्टच्या बैठका उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायच्या. बोल्टच्या बैठकीवर जाड रंग राहिला तर तो पुढे चेपतो आणि बोल्ट सैल होतात. ते हवेच्या गळतीपेक्षा घातक.

साफ करताना २४० नंबरचा पॉलिश पेपर फक्त उंचवट्यावर वापरला, मग पूर्ण सीटवर स्कॉच-ब्राइटची घासणी. ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावलेलं ड्रिल इथे आणू नका. सीटला ५ अंशांचा उतार असतो आणि सील त्यावरच अवलंबून. धातू खरवडला की तो परत येत नाही. उघड्या पडलेल्या अॅल्युमिनियमला आपल्या मुंबईच्या खाऱ्या हवेत पांढरी बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून तेवढ्या भागावर एच प्रायमरचा (धातूला धरणाऱ्या अस्तराचा) एक पातळ हात, आणि तो पूर्ण वाळल्यावर बीड सीलरची झिरझिरीत पट्टी. नुसता सीलर थापून उंचवटा झाकायचा सल्ला दोन ठिकाणी मिळाला. तो थोडे दिवस टिकतो आणि पुढच्या वेळी टायर काढताना बीडचं रबर ओरबाडून नेतो. ‘ट्यूब टाकून देतो’ हा सल्ला तर ऐकूच नका. ट्यूबलेसमधली ट्यूब घासून तापते आणि फाटली की हवा एकदम जाते.

पुन्हा बसवताना दोन गोष्टींनी काम सोपं झालं. पहिली: आपल्या रिमचा ओठ, म्हणजे बाहेरची कड, खोल आहे, त्यामुळे मधली खाच मागच्या कडेच्या जवळ आहे. टायर नेहमी खाच जवळ असेल त्या बाजूने चढवायचा, म्हणजे मशीनवर रिमचा चेहरा खाली. सवयीने चेहरा वर ठेवून चढवलं तर बीड खाचेत पुरेसा उतरत नाही आणि ओढाताणीत फाटतो. मशीनला टायर दाबून धरणारा जादा दांडा नसेल तर ताणाचं काम त्या दुकानात करूच नये, हे माझं ठाम मत. दुसरी: बीड पेस्ट. डिटर्जंटचं पाणी फसफसतं, वाळतं आणि मागे क्षार ठेवतं. वनस्पती तेलाच्या साबणाची पेस्ट महाग वाटते, पण चार चाकांना एका डबीतला थोडाच भाग लागतो. ग्रीस किंवा डिझेल अजिबात नाही.

हवा भरताना व्हॉल्व्हची पिन काढून ठेवली, म्हणजे हवा एकदम घुसते. बाहेरचा बीड २५च्या आसपास टक्क करून बसला, आतला ३६ला. ४० पीएसआय ही हद्द समजा. तोवर बसला नाही तर हवा सोडायची, टायर पाव फेरा फिरवायचा, पुन्हा पेस्ट लावायची. ‘साठपर्यंत नेऊ, बसेल’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा, कारण बीडची तार तुटली तर टायर आणि माणूस दोघांचं काही खरं नाही. स्प्रे मारून काडी लावायचा प्रकार तर व्हिडिओपुरताही करू नये. हवेच्या नळीला व्हॉल्व्ह पकडून ठेवणारा चिमटा लावा आणि भरताना चाकापासून लांब उभे राहा.

चोवीस तासांनी, त्याच वेळी, त्याच गेजने: ३५. रेघ दोन्ही अंगांनी समांतर. एवढ्या खटपटीनंतर तो न हललेला काटा बघताना फार बरं वाटलं.

बॅलन्सिंगचीही चांगली बातमी आहे. टायरवरचा पिवळा ठिपका या वेळी व्हॉल्व्हच्या शेजारी आणला, कारण ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू. आधी ६० ग्रॅम लागले होते, आता १५. वजनं चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर पहिल्याच पावसात पट्टी रस्त्यावर. ताशी ८०च्या पुढे स्टिअरिंगला येणारी थरथरही गेली. तिचं मूळ हब रिंगमध्ये, म्हणजे रिमचं भोक आणि हब यांच्यातली फट भरणाऱ्या कड्यात होतं. ७३.१ ते ५७.१च्या रिंगा आता चारही चाकांना आहेत आणि अटल सेतूवर १००ला स्टिअरिंग शांत आहे. रिंगा प्लॅस्टिकच्याच घेतल्या. अॅल्युमिनियमची रिंग लोखंडी हबवर पावसाळ्यात अशी धरते की चाक सुटता सुटत नाही.

या रिमला बोल्ट कोणते लागतात, अशी पुन्हा विचारणा झाली होती. कंपनीचे बोल्ट एम१४x१.५, बैठक गोल. या रिमला ६० अंशांची शंकूची बैठक लागते. गोल बोल्ट शंकूत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका कडेवर. आटे किमान बोल्टच्या जाडीइतके, १४ मिमी, म्हणजे ९च्या वर फेरे बसायला हवेत. आवळायचे १२० न्यूटन मीटरला, आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासणी. असे बोल्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, पण व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) खिशात ठेवून जा. ‘सगळ्याला बसतो’ हे माप नसतं.

आता पुढचं. बेत असा होता की उरलेल्या तिन्ही रिमांच्या सीट अशाच घासायच्या आणि १९५ वरच राहायचं. रेघ मोजता मोजता तो बदलला. उरलेली तिन्ही चाकं हवा धरून आहेत, पण आतला बीड सगळीकडेच जेमतेम टेकलेला दिसतो. एखादा खड्डा, मेट्रोच्या कामावरची एखादी लोखंडी पाटी, आणि कड वाकलीच, कारण या ताणात कडेला टायरच्या भिंतीचं संरक्षण उरत नाही.

म्हणून आता २०५/५० आर१५ घालायचा बेत आहे. त्याला मान्य रिम ५.५ ते ७.५, म्हणजे आपलं रिम बरोबर शेवटच्या हद्दीत. लोड इंडेक्स ८६, ५३० किलो. व्यास ५८६, कंपनीपेक्षा २.८ टक्के कमी. आताच्या तुलनेत गाडी पावणेपाच मिमी खाली बसेल, सोसायटीच्या गतिरोधकावर तेवढं जाणवेल. रुंदीचं गणित: रिम अर्धा इंच वाढलं की टायर सुमारे ५ मिमी रुंदावतो. त्या हिशेबाने आताचा १९५ प्रत्यक्षात २१६च्या आसपास आहे आणि २०५ जाईल २२४वर, म्हणजे प्रत्येक अंगाला ४ मिमी जास्त. पुढच्या स्ट्रटशी (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाशी) आज ११ मिमी जागा आहे, ती ७ उरेल. स्ट्रट चाकाबरोबरच वळतो, त्यामुळे ही जागा स्टिअरिंग फिरवल्याने कमी होत नाही, चालेल.

बाहेरच्या अंगाला मात्र तपासावं लागेल. टायर कंपनीच्या जागेपेक्षा सुमारे २० मिमी बाहेर येईल. फेंडरच्या आत राहिला तरच हा उद्योग, कारण बाहेर डोकावणारं चाक दारावर चिखल उडवतं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा (गाडीतल्या बदलांबद्दलच्या) प्रश्न उभा करतं. लायनरवर (फेंडरच्या आतल्या अस्तरावर) खडू घासायचा, मागे तीन माणसं बसवायची, स्टिअरिंग पूर्ण वळवून गतिरोधकावरून हळू न्यायची. खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. पुढे आणि मागे वेगळी मापं घालायची सूचना आली होती, पण एबीएसच्या गाडीत दोन्ही अॅक्सलना वेगळा व्यास नको, तेव्हा चारही एकदम.

टायर मागवताना उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे आधी विचारून घेणार आहे. पडून राहिलेल्या टायरचा बीड कडक होतो आणि मग तीच गळती पुन्हा. ज्यांच्या पोलोवर ७.५जे ईटी ३५ चढलेलं आहे त्यांनी पुढच्या स्ट्रटशी उरलेली जागा मोजून कळवावी, टायरच्या मापासकट आणि स्प्रिंग कंपनीची आहे की बदललेली तेही.